काट्यावरचा उजेड



गोंदियाहून कामठ्याच्या बाजूस निघाले म्हणजे धानाच्या बांध्या लागतात, आणि त्या बांध्यांच्या सोबतीने बिरसी गाव येते. गाव लहानसे; पण त्याचे नाव आज दूरवर ठाऊक आहे, ते तेथल्या विमानतळामुळे. दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, १९४० साली, इंग्रज सरकारने येथे धावपट्टी बांधली. २००५ च्या अखेरीस हा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात आला, पुढे तेथे वैमानिकांना शिकवणारी संस्था उभी राहिली, आणि मार्च २०२२ मध्ये बिरसीहून प्रवासी विमानही उडाले. आजूबाजूच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या मायबहिणींना डोक्यावरून जाणाऱ्या लहान विमानाचे आता नवल राहिलेले नाही.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते मात्र विमानाबद्दल नव्हे. विमानात, मोटारीत, जीपमध्ये, ट्रॅक्टरवर, चालवणाऱ्याच्या समोर जी मीटरे असतात, त्यांच्यावर रात्री जो टीचभर उजेड पडतो, त्या उजेडाबद्दल मला बोलायचे आहे. अलीकडे जुन्या मोटारी जतन करणारी हौशी मंडळी मीटरमधला पिवळा बल्ब काढून त्या जागी एलईडी बसवू लागली आहेत. बसवावा की नाही, कोणता बसवावा, असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न एवढ्याशा बल्बचा दिसतो. पण त्याचे उत्तर नीट द्यायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते. आणि त्या वाटेवर, श्रोतेहो, काही माणसांचे जीवही गेलेले आहेत.

आधी शब्दाचीच गोष्ट ऐका. मीटरे ज्या फळीवर असतात तिला आपण डॅशबोर्ड म्हणतो. हा शब्द मोटारीबरोबर आपल्याकडे आला, पण तो मोटारीपेक्षा जुना आहे. विलायतेत घोड्याच्या बग्गीला हाकणाऱ्याच्या पुढे एक आडवी फळी लावलेली असे. घोडा दौडू लागला की त्याच्या टापांनी चिखल आणि खडे मागे उडत. ते अंगावर येऊ नयेत म्हणून ही फळी. डॅश म्हणजे आदळणे, उडणे. बोर्ड म्हणजे फळी. आपल्या रेंगीला असली फळी लागली नाही. बैलाची चाल ती केवढी, आणि तो चिखल उडवणार किती! पुढे घोडा गेला, त्याच्या जागी इंजिन आले, पण फळी होती तेथेच राहिली. आयती जागा सापडली म्हणून वेगाचा काटा, तेलाचा काटा, पेट्रोलचा काटा एकामागून एक तिच्यावर येऊन बसले.

पहिल्या मोटारींचे समोरचे दिवेसुद्धा रॉकेलचे नाहीतर कार्बाइडच्या गॅसचे असत. तेव्हा मीटरवर दिवा कोठून असणार? विजेचा बल्ब तोवर घरात आला होता. एडिसनने १८७९ साली त्याचा कोळशाच्या तंतूचा बल्ब लोकांपुढे ठेवला, हे आपण शाळेत शिकलो. पण तो तंतू मोठा नाजूक. घरातल्या भिंतीवर तो टिके. खडबडीत रस्त्यावर हादरे बसले की तुटे. १९१० च्या सुमारास कूलिज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने टंगस्टन या धातूची बारीक, लवचीक तार ओढण्याची रीत शोधली, तेव्हा कोठे मोटारीत टिकेल असा बल्ब मिळाला. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला केटरिंग या इंजिनियरने विजेचा स्टार्टर बसवला, आणि त्याच्याबरोबर बॅटरी व दिवेही आले. हँडल मारण्याचा त्रास गेला, आणि फळीवर दिवा लावण्यापुरती वीज गाडीतच तयार होऊ लागली.

पण हा बल्ब होता कसा? तार जवळजवळ अडीच हजार अंशांपर्यंत तापवायची आणि तापल्यामुळे ती जो उजेड देईल तो घ्यायचा, एवढेच त्याचे तंत्र. तिला दिलेल्या विजेच्या शंभर भागांतले जेमतेम पाच-दहा भाग उजेड होतात. बाकी सगळी ऊब. थंडीत शेकोटी पेटवावी आणि तिच्या उजेडात पोथी वाचावी, तसा हा प्रकार. तरीसुद्धा त्या पिवळ्या, मंद बल्बने पुढची सत्तर-ऐंशी वर्षे गाजवली. त्याचे कारण पुढे येईल.

आता जीव गेले म्हणालो, ती गोष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धात विमाने रात्री उडू लागली. खंदकातल्या शिपायाला मनगटी घड्याळ अंधारात पाहायचे असे, वैमानिकाला उंचीचा काटा पाहायचा असे, आणि दिवा लावण्याची सोय नव्हती. लावला तर शत्रूला दिसे. मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली शोधलेले रेडियम तेव्हा नवलाईचे होते. रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचा लेप काट्यावर आणि आकड्यांवर लावला की तो बॅटरीविना, तारेविना, रात्रंदिवस हिरवट झळके. जणू काजवाच काट्यावर येऊन बसला! हा लेप लावण्याचे काम अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावच्या एका कारखान्यात १९१७ पासून तरुण मुली करीत. आकडे बारीक, कुंचला बारीक. त्याचे टोक टोकदार राहावे म्हणून तो ओठांत धरून ओढायचा, लेपात बुडवायचा, आकडा रंगवायचा, आणि पुन्हा ओठांत धरायचा. दिवसातून कितीतरी वेळा. लेप अपायकारक नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या पडद्याआड उभे राहून चिमट्याने रेडियम हाताळीत.

काही वर्षांत त्या मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे झिजू लागली, रक्त कमी होऊ लागले. रेडियम शरीरात गेले की ते चुन्याप्रमाणे हाडांत जाऊन बसते, आणि तेथूनच किरणांचा मारा करीत राहते. हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने १९२५ साली हा संबंध सिद्ध केला. १९२७ साली ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणी कोर्टात गेल्या. तोवर त्यांतल्या काहींना हात वर करून शपथ घेण्याचेही बळ उरले नव्हते. १९२८ साली तडजोड झाली. प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च मिळाला. ग्रेस फ्रायर १९३३ साली वारली. पण कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी मालकावर असते, हे तत्त्व पक्के करण्यात या पाच बायांचा वाटा मोठा आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, रेडियमचा धडा शिकवताना क्यूरीबाईंच्या नावाबरोबर ग्रेस फ्रायरचे नावही मुलांना सांगा, अशी माझी विनंती आहे.

ही गोष्ट संपली असे मात्र समजू नका. रेडियमचा लेप दुसऱ्या महायुद्धातही विमानांच्या आणि लष्करी वाहनांच्या मीटरांवर लावला जात होता. १९६० नंतर तो हळूहळू मागे पडला. झिंक सल्फाइड काही वर्षांत थकते आणि लेप झळकणे बंद होते. पण रेडियम निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात. म्हणजे जुने मीटर अंधारात दिसेनासे झाले म्हणून ते निरुपद्रवी झाले, असे नव्हे. तेव्हा जुन्या बाजारात, भंगारात, युद्धकाळातले एखादे मीटर मिळाले आणि त्याच्या आकड्यांवर तपकिरी, भुकटी सुटणारा लेप दिसला, तर ते उघडू नका, खरवडू नका, फुंकू नका, आणि मुलांच्या हाती देऊ नका.

आता बिरसीची धावपट्टी बांधली गेली त्या काळाकडे येऊ. १९४० सालापर्यंत विमाने वेगवान झाली होती, मीटरांची संख्या वाढली होती, आणि रात्रीची उड्डाणे नित्याची झाली होती. तेव्हा एक नवा प्रश्न पुढे आला. तो यंत्राचा नव्हता, डोळ्यांचा होता.

तुमच्या रोजच्या अनुभवातलीच गोष्ट आहे. अमावास्येच्या रात्री उजेडाच्या खोलीतून अंगणात आलात की प्रथम काहीच दिसत नाही. ओसरीची पायरीसुद्धा पायाने चाचपडावी लागते. पाच-दहा मिनिटे गेली की विहिरीचा काठ दिसू लागतो, गोठ्यातल्या बैलाची पाठ दिसते, आणि अर्ध्या तासाने आकाश चांदण्यांनी भरून गेलेले असते. चांदण्या आधीही तेथेच होत्या. तयार नव्हते ते आपले डोळे. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दांडीसारख्या पेशी अंधारात काम करतात. त्यांना रंग कळत नाही, पण अगदी अंधूक उजेडही कळतो. त्यांच्यात एक जांभळट द्रव्य असते. तेज उजेडाने ते विरते, आणि पुन्हा साचायला अर्धा तास लागतो. हे द्रव्य अ जीवनसत्त्वावाचून बनत नाही. म्हणून ज्यांच्या जेवणात हिरवा पाला, पपई, गाजर नाही, त्यांना रातांधळेपणा येतो.

यावरून वैमानिकाची अडचण ध्यानात येईल. मीटर पाहायला दिवा लावावा, तर डोळ्यांत साचवलेला अंधार क्षणात सांडतो आणि बाहेरचे काही दिसत नाही. दिवा लावू नये, तर किती उंचीवर आहोत ते कळत नाही. यावर उपाय निघाला तो लाल उजेडाचा. दांडीसारख्या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. पुर्किंये नावाच्या शास्त्रज्ञाने १८१९ साली पहाटेच्या अंधूक उजेडात पाहिले होते की, दिवसा भडक दिसणारी लाल फुले काळी भासतात आणि पाने मात्र उजळ दिसतात. एवढ्याशा निरीक्षणाचा उपयोग सव्वाशे वर्षांनी युद्धात झाला. महायुद्धाच्या काळात वॉल्टर माइल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांसाठी लाल काचांचे चष्मे सुचवले. उड्डाणाअगोदर उजेडाच्या खोलीत तो चष्मा लावून बसावे. वाचनही होते आणि डोळेही अंधाराला तयार होतात. विमानातही लाल दिवे आले. त्यांचा एक दोष पुढे कळला. लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघा दिसेनाशा होतात! म्हणून नंतर अनेक ठिकाणी अगदी मंद पांढरा उजेड पसंत केला गेला.

या साऱ्यातून एक गोष्ट पक्की झाली, आणि माझ्या आजच्या बोलण्याचे सार तेच आहे. काटा दिसेल एवढाच उजेड काट्यावर असावा. तो इतका होऊ नये की काट्यापलीकडचा रस्ता हरवेल.

युद्ध संपले. लष्कराच्या जीपा लिलावात निघाल्या आणि आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या. विली जीपचा डॅशबोर्ड ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल. मध्ये वेगाचे मोठे मीटर, भोवती पेट्रोल, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि विजेचा प्रवाह दाखवणारी चार लहान मीटरे. आणि त्यांच्यावर खाली माना घातलेले दोन लहान दिवे, टोपी घातलेले. टोपी अशासाठी की, उजेड मीटरवर पडावा, चालकाच्या डोळ्यांत नव्हे. या जीपांची बॅटरी सहा व्होल्टची.

मोटारींच्या बाबतीत महाराष्ट्राला एका नावाचा अभिमान आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद. ज्या १९४० साली बिरसीची धावपट्टी झाली, त्याच साली त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी सुरू केली. आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची. तिच्या मुंबईतल्या कुर्ला येथील कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी बनू लागल्या. १९५४ पासून फियाट अकराशे, १९६४ पासून तिचेच डिलाइट नावाचे रूप, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे आपले, देशी नाव. डॉक्टरची फियाट, वकिलाची फियाट, लग्नात नवरदेवाची फियाट, आणि मुंबईत काळीपिवळी टॅक्सी. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा पुष्कळांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

या गाड्यांच्या मीटरमागे दोन-तीन वॉटचे चिमुकले बल्ब असत. त्यांचा उजेड थेट डोळ्यांवर येत नसे; मीटरच्या आतल्या पांढऱ्या रंगावर आपटून तो पसरत येई. आधीच मंद, आधीच पिवळा, त्यातून गाळलेला. निळा अंश त्यात फारच थोडा. दांडीसारख्या पेशींना सर्वांत जास्त खुपतो तो निळसर-हिरवा उजेड. पिवळा-तांबूस त्या मानाने सोसतो. म्हणून मघाशी म्हणालो की, हा बल्ब एवढी वर्षे टिकला त्याला कारण आहे. वीज वाया घालवण्यात तो उधळा होता. पण चालकाच्या डोळ्यांच्या बाबतीत मोठा समजूतदार होता.

आणि आता एलईडी. श्रोतेहो, तुम्हांला ऐकून गंमत वाटेल की, या दिव्याचा जन्म रेडिओच्या पोटी झाला आहे. रेडिओच्या आरंभकाळी, झडपा म्हणजे व्हॉल्व्ह येण्यापूर्वी, लहरी पकडायला विशिष्ट खनिजांचे स्फटिक वापरीत. आपले जगदीशचंद्र बोस यांनी अशाच एका स्फटिकाच्या ग्राहकासाठी १९०१ साली पेटंटचा अर्ज केला होता. मार्कोनी कंपनीत काम करणारा हेन्री राउंड हा इंजिनियर असे स्फटिक पारखीत असता, १९०७ साली, कार्बोरंडमच्या एका तुकड्यातून वीज सोडल्यावर त्याला त्यात पिवळसर उजेड दिसला. तुकडा तापलेला नव्हता, तरी उजळला होता! त्याने दोन परिच्छेदांची एक टीप छापली आणि तो आपल्या कामाला लागला. पुढे रशियात ओलेग लोसेव्ह या तरुण रेडिओ-तंत्रज्ञाने १९२७ साली याच उजेडावर लेख लिहिला आणि अनेक वर्षे त्याचा अभ्यास केला. पण १९४२ साली लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडलेला असताना तो उपासमारीने मेला, आणि त्याचे कामही मागे पडले.

१९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याकने डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी बनवला. मग पिवळा आणि हिरवा आला. निळा मात्र तीस वर्षे कोणाच्या हाती लागेना. आणि निळ्यावाचून पांढरा होत नाही. जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी हट्टाने ते काम तडीस नेले. १९९३ साली नाकामुराचा प्रखर निळा एलईडी आला, आणि २०१४ साली तिघांना मिळून पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो तो बहुधा निळाच असतो. त्याच्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप दिलेला असतो, आणि निळे-पिवळे मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. हे ध्यानात ठेवा. आपल्या प्रश्नाची गाठ येथेच आहे.

तर समजा, तुमच्या पडवीत आजोबांची फियाट किंवा जुनी जीप उभी आहे, आणि रात्री तिची मीटरे दिसत नाहीत. काय करावे?

पहिली गोष्ट, बल्बला लगेच दोष देऊ नका. होल्डर गंजला असेल, अर्थिंग सैल असेल, बल्बची काच आतून काळी पडली असेल, मीटरच्या आतला पांढरा रंग उष्णतेने पिवळा झाला असेल. बॅटरीची तार काढून ठेवा, होल्डर घासून स्वच्छ करा, धूळ पुसा, नवा साधाच बल्ब लावून पाहा. पुष्कळदा एवढ्याने काम होते.

तरी एलईडी बसवायचाच असेल, तर बॅटरी किती व्होल्टची आहे ते पाहा. शाळेतल्या मुलांनाही हे येईल. शिशाच्या बॅटरीचा एक कप्पा दोन व्होल्टचा. वरची बुचे मोजा. तीन असली तर सहा व्होल्ट, सहा असली तर बारा. सहाच्या गाडीत बाराचा एलईडी लागणार नाही. बाराच्या गाडीत सहाचा लावाल तर तो जळेल. दुसरे, एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. नाही लागला तर तो मेलाच असे नाही. उलटा बसला असेल. विलायती बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत तर बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तेथे दोन्ही दिशांनी चालेल असा एलईडी मागून घ्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डॅशबोर्डवर दोन जातींचे दिवे असतात. काही उजेडासाठी, काही निरोपासाठी. उजेडाचे दिवे बदला. निरोपाचे दिवे आहेत तसे राहू द्या. बॅटरी चार्ज होत नसल्याचा निरोप देणारा लाल दिवाच घ्या. गाडीला नंतर आल्टरनेटर बसवला असेल, तर पुष्कळदा त्या लाल बल्बमधून जाणाऱ्या विजेनेच तो जागा होतो. तेथे एलईडी लावला की वीज फार थोडी जाते, आणि आल्टरनेटर निजूनच राहतो. चालक निर्धास्त, आणि सकाळी बॅटरी गार! इंडिकेटरचे तसेच. जुना फ्लॅशर बल्बच्या विजेने तापतो म्हणून टिकटिकतो. सगळीकडे एलईडी लावले की त्याची चाल बिघडते. काही गाड्यांत डाव्याउजव्या दोन्ही बाजूंना मिळून डॅशबोर्डवर एकच दिवा असतो आणि त्यात वीज कधी इकडून, कधी तिकडून येते. तेथे एलईडी लावला तर एकाच बाजूला मिचकावतो.

फायदा काय होतो, तेही मोजून पाहू. तीन वॉटचे चार बल्ब म्हणजे बारा वॉट. बारा व्होल्टवर एक अँपिअर. अर्ध्या वॉटचे चार एलईडी म्हणजे दोन वॉट. अँपिअरचा सहावा हिस्सा. रात्री दिवे चुकून चालू राहिले आणि दहा तास गेले, तर केवळ मीटरचे जुने बल्ब दहा अँपिअर-तास पितात. चाळीसच्या बॅटरीचा तो चौथा हिस्सा. एलईडी दोनदेखील पीत नाहीत. शिवाय उष्णता थोडी. मीटरचा प्लास्टिकचा भाग वितळत नाही, रंग पिवळा पडत नाही. जुना डायनामो मंद चालीवर फारच थोडी वीज देतो. त्याच्यावरचा भारही हलका होतो. हे लाभ खरे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही.

पण दुकानात गेलात की सर्वांत लखलखीत, निळसर पांढरा एलईडी पुढे केला जातो, आणि तो लावल्यावर अंगणात उभ्या गाडीत मीटर फार सुंदर दिसते. परीक्षा अंगणात करू नका. साकोलीहून देवरीकडे जाणारा महामार्ग नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाच्या शेजारून जातो. तेथे रात्री चितळ, रानडुक्कर, कधी त्यांच्या मागावरचा वाघ रस्त्यावर येतो. कडेने दिवा नसलेली बैलगाडी चाललेली असते, सायकलवरून कोणी बाजार करून परतत असते. समोरच्या दिव्यांच्या झोताबाहेर जे आहे ते चालकाला दिसते ते त्या दांडीसारख्या पेशींच्या जोरावर. समोरच निळसर उजेडाचा तुकडा सतत डोळ्यांत येत राहिला, तर त्या पेशी दुबळ्या होतात. मीटर लखलखते आणि वाटसरू दिसत नाही. या सौद्यात नुकसान कोणाचे होते? गाडीवाल्याचे नव्हे, पायी चालणाऱ्याचे.

म्हणून एलईडी घ्यायचा तो पिवळसर छटेचा, सर्वांत कमी वॉटचा घ्या. मीटरमध्ये मुळात हिरवी किंवा निळी चकती असेल तर ती काढू नका. जुना एलईडी नसलेला बल्ब चहूबाजूंना उजेड फेकी. एलईडी पुष्कळदा समोरच फेकतो. तेव्हा चारी बाजूंना पसरेल असा निवडा, नाहीतर अर्धा आकडा उजेडात आणि अर्धा अंधारात राहील. उजेड कमीजास्त करण्याचा जुना खटका एलईडीला नीट मानवत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि शेवटची परीक्षा अशी करा. गावाबाहेर सुरक्षित जागी गाडी उभी करा, समोरचे दिवे बंद करा, दहा मिनिटे गप्प बसा. मग मीटरचा दिवा लावा. काटा वाचता आला पाहिजे, आणि काचेतून पलीकडचे झाडही दिसत राहिले पाहिजे. दोन्ही साधले तर दिवा बरोबर बसला.

बिरसीहून उडणाऱ्या आजच्या विमानांत काटे जवळजवळ राहिलेले नाहीत. त्यांच्या जागी उजळणारे पडदे आले आहेत. तरी रात्रीच्या उड्डाणात पडद्यांचा उजेड मंद करा, हे वैमानिकांना जगभर आजही शिकवतात. यंत्रे बदलली, डोळे तेच आहेत.

आज संध्याकाळी थोडा वेळ काढा. घरातला दिवा मालवून मुलांना अंगणात न्या, आणि हळूहळू काय काय दिसू लागते ते त्यांना मोजायला सांगा. डॅशबोर्डच्या दिव्याचा सारा इतिहास त्यांना तेथे, अर्ध्या तासात, कळेल.